द्राक्षवेलीतलं जनुक गप्प करणारा विषाणू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

द्राक्षावर व्याख्यान द्यायला गेलं की शेवटी प्रश्न फवारणीवर येतात, हा माझा नेहमीचा अनुभव. पण अलीकडे कृषी आणि जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांकडून, आणि काही जाणत्या बागायतदारांकडूनही, एक वेगळाच प्रश्न येतो : "विषाणू वापरून वेलीतलं जनुक बंद करतात म्हणे, ते काय आहे?" एकेकाला तोंडी सांगण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवलेलं बरं, म्हणून हे पान.

व्हिग्ज म्हणजे नेमकं काय?

विषाणूच्या मदतीने झाडातलं एखादं जनुक काही काळ गप्प करण्याची पद्धत म्हणजे व्हिग्ज. व्हायरस-इंड्यूस्ड जीन सायलेन्सिंग या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून हा शब्द आला आणि प्रयोगशाळेत तोच रुळला आहे. "आज व्हिग्जची रोपं बघितलीस का?" असं सहज बोललं जातं.

कल्पना साधी आहे. झाडाला लागण करणारा, पण शक्यतो त्याला फारसा त्रास न देणारा विषाणू घ्यायचा. त्याच्या जनुकीय साखळीत झाडाच्याच एका जनुकाचा छोटा तुकडा जोडायचा. झाड विषाणूविरुद्ध लढायला उभं राहतं आणि त्या लढाईत स्वतःच्या त्या जनुकाचे निरोपही कापून टाकतं. मग झाडात काय बिघडलं, हे बघायचं. जे बिघडलं, त्यावरून त्या जनुकाचं काम कळतं.

जनुक गप्प होतं म्हणजे ते बदलतं का?

नाही, आणि हा फरक पहिल्यांदाच नीट ध्यानात घ्यावा. वेलीच्या पेशीतलं डीएनए जसंच्या तसं राहतं. त्या डीएनएवरून आरएनएची जी प्रत निघते आणि प्रथिन बनवायच्या कामाला लागते, ती प्रत वाटेत कापली जाते. पुस्तक कपाटात शाबूत आहे, पण त्यातून उतरवून घेतलेली प्रत्येक चिठ्ठी पोहोचायच्या आधीच फाडली जाते, असं समजा. काही चिठ्ठ्या निसटतातही. म्हणून व्हिग्जमध्ये जनुकाचं काम पूर्ण थांबत नाही, ते बरंच कमी होतं.

वेलीच्या आत काय घडतं?

हा या विषयातला सगळ्यात सुंदर भाग आहे, म्हणून इथे जरा थांबू.

बहुतेक वनस्पती विषाणूंचं जनुकीय द्रव्य आरएनए असतं आणि तेही एकपदरी. विषाणू पेशीत शिरून आपल्या प्रती काढायला लागला की मधल्या टप्प्यावर आरएनए दुपदरी होतं. निरोगी पेशीत लांबलचक दुपदरी आरएनए सहसा नसतं, त्यामुळे पेशी सावध होते. डायसर जातीची विकरं (एन्झाइम) पुढे येतात आणि त्या दुपदरी साखळीचे २१-२२ अक्षरांचे (अक्षर म्हणजे साखळीचा एकेक घटक) बारीक तुकडे करतात. वनस्पतीत या कामाला मुख्यतः डीसीएल-४ आणि डीसीएल-२ ही विकरं असतात.

पुढे प्रत्येक तुकड्याचा एक पदर आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात जाऊन बसतो. आता त्या प्रथिनाच्या हातात जणू गुन्हेगाराचा फोटो आला. पेशीभर फिरताना या २१ अक्षरांशी जुळणारं आरएनए दिसलं की ते कापायचं, एवढंच त्याला ठाऊक. समोरचं आरएनए विषाणूचं आहे की वेलीचं, हे ते विचारत नाही.

आपण नेमका याचा उपयोग करतो. विषाणूत वेलीच्या जनुकाचा साधारण २०० ते ५०० अक्षरांचा तुकडा बसवला, तर डायसर त्याचेही बारीक तुकडे करतं आणि आर्गोनॉटच्या हातातल्या फोटोंमध्ये वेलीच्या स्वतःच्या जनुकाचाही फोटो मिसळतो. शिवाय वनस्पतीत आरडीआर-६ हे विकर या तुकड्यांच्या आधारे आणखी दुपदरी आरएनए बनवतं. त्यामुळे संदेश वाढत जातो, पेशीतून पेशीत आणि अन्नवाहिन्यांतून लांबच्या पानांपर्यंतही पोहोचतो.

विषाणूही गप्प बसत नाहीत. ही यंत्रणा अडवणारी प्रथिनं त्यांच्याकडे असतात. द्राक्षाच्या जीव्हीए विषाणूचं पी-१० आणि लीफरोल-२ विषाणूचं पी-२४ ही त्यातली दोन. म्हणून व्हिग्जसाठी विषाणू निवडताना तोल सांभाळावा लागतो. झाडाची यंत्रणा पार दाबून टाकणारा विषाणू घेतला तर जनुक गप्पच होत नाही, आणि फार दुबळा घेतला तर तो झाडभर पसरत नाही.

ही कल्पना आली कुठून?

१९२८ मध्ये अमेरिकेत विंगार्ड या शास्त्रज्ञाने तंबाखूवर एक गोष्ट नोंदवली. रिंगस्पॉट विषाणूने खालची पानं डागाळली होती, पण त्याच झाडाला नंतर आलेली वरची पानं स्वच्छ होती आणि पुन्हा लागण केली तरी डागाळत नव्हती. झाड बरं झालं कसं, हे तेव्हा कुणाला सांगता आलं नाही. उत्तर मिळायला जवळजवळ सत्तर वर्षं गेली.

१९९० मध्ये पेटुनियाच्या फुलांचा जांभळा रंग गडद व्हावा म्हणून रंगाच्या जनुकाची जादा प्रत घातली गेली, तर फुलं पांढरी किंवा ठिपक्याठिपक्यांची निघाली. जादा प्रतीने मूळ जनुकालाही गप्प केलं होतं. १९९५ मध्ये तंबाखूच्या मोझेक विषाणूत पानातल्या रंगद्रव्यांसाठी लागणाऱ्या पीडीएस या जनुकाचा तुकडा घालून झाडाची पानं पांढरी करून दाखवली गेली. हा व्हिग्जचा पहिला ठळक प्रयोग. १९९८ मध्ये फायर आणि मेलो यांनी एका सूक्ष्म कृमीत दुपदरी आरएनएचं सामर्थ्य दाखवलं आणि २००६ चं नोबेल त्यांना मिळालं. १९९९ मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्विच इथे हॅमिल्टन आणि बोल्कम यांनी वनस्पतीतले ते बारीक आरएनए तुकडे प्रत्यक्ष दाखवले. विंगार्डच्या तंबाखूचं कोडं तिथे सुटलं. वरच्या पानांपर्यंत विषाणूचे फोटो आधीच पोहोचलेले होते.

द्राक्षासाठीच एवढा खटाटोप कशाला?

कारण द्राक्षवेल उत्तर द्यायला फार वेळ घेते. भातात किंवा टोमॅटोत एखाद्या जनुकाचं काम शोधायचं तर वर्षातून दोन-तीन पिढ्या मिळतात. द्राक्षात बी लावून संकर केला तर पहिला घड दिसायलाच काही वर्षं जातात, आणि बियांपासून आलेली वेल मूळ वाणासारखी निघत नाही. आपण काडीनेच वाण टिकवतो ते यासाठीच. प्रयोगशाळेत जनुक बदललेली वेल तयार करायची तर आधी भ्रूणक्षम ऊतक मिळवावं लागतं. काही वाणांत ते मिळतच नाही, आणि मिळालं तरी त्यापासून रोप उभं राहायला महिनोन् महिने जातात.

दुसरीकडे माहितीचा डोंगर समोर आहे. फ्रान्स आणि इटलीच्या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये पिनो न्वारपासून मिळवलेल्या एका वेलीचा जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय मजकूर, वाचून जाहीर केला. १९ गुणसूत्रं आणि तीस हजारांच्या आसपास जनुकं. फळपिकांत हा पहिला जीनोम. यादी हातात आली, पण त्यातलं कोणतं जनुक काय करतं, हे बहुतेक ठिकाणी अंदाजावरच आहे.

जिथे कळलं, तिथे ते किती मोलाचं ठरलं बघा. पांढरी द्राक्षं पांढरी का, याचं उत्तर २००४ मध्ये जपानमधल्या शास्त्रज्ञांनी दिलं. रंगाचं नियंत्रण करणाऱ्या व्हीव्हीमायबीए-१ या जनुकाच्या तोंडाशी एक उडता डीएनए-तुकडा येऊन बसला आणि ते जनुक बंद पडलं. म्हणजे आपल्या ओळखीची पांढरी द्राक्षं मुळात काळ्या द्राक्षांचीच, रंगाचं जनुक गप्प झालेली भावंडं आहेत. निसर्गाने केलेलं हे गप्प करणं कायमचं आहे, व्हिग्जचं तात्पुरतं. पण बघायची नजर तीच. तसंच थॉम्पसनसारख्या वाणांचं बिनबियांचं असणं. त्यामागे एजीएल-११ या जनुकातला एका अक्षराचा बदल आहे, हे २०१८ मध्ये स्पष्ट झालं. अशी हजारो जनुकं अजून रांगेत उभी आहेत. प्रत्येकासाठी नवी वेल घडवणं शक्य नाही. काही आठवड्यांत प्राथमिक उत्तर देणारं साधन हवं होतं.

द्राक्षात कोणते विषाणू वापरले गेले?

इतर पिकांत सगळ्यात जास्त वापरला जातो तो टोबॅको रॅटल विषाणू. टोमॅटो, मिरची, कापूस यांत तो चांगलं काम देतो. द्राक्षात मात्र द्राक्षाच्याच विषाणूंकडे वळावं लागलं. जो विषाणू वर्षानुवर्षं वेलीत राहायला शिकला आहे, त्याला वेलीतल्या वाटा माहीत असतात.

पहिलं मोठं पाऊल इस्रायलमधल्या व्होल्कानी केंद्राच्या गटाने टाकलं. मुनीर मवासी यांच्या गटाने द्राक्षविषाणू-अ, म्हणजे जीव्हीए, हाताशी धरला. त्याचा जीनोम लहान, साडेसात हजार अक्षरांच्या जरा आत, त्यामुळे प्रयोगशाळेत हाताळायला सोपा. २००९ मध्ये त्यांनी दाखवलं की पीडीएसचा तुकडा घातलेला जीव्हीए आधी निकोटियाना बेन्थामियाना या तंबाखूच्या चुलत भावंडात आणि मग प्राइम या द्राक्षवाणाच्या टिश्यू कल्चरच्या रोपांत ते जनुक गप्प करतो. द्राक्षाच्या रोपांना लागण मुळांवाटे केली होती. ही युक्ती मला फार आवडते. द्राक्षाचं पान बाहेरचा द्रव सहज आत घेत नाही, म्हणून त्यांनी पानाशी झटापट न करता मुळांची वाट धरली.

दुसरं पाऊल अमेरिकेतल्या ओरेगन राज्य विद्यापीठात, व्हॅलेरियन डोल्या यांच्या गटाने टाकलं. त्यांनी घेतलेला लीफरोल-२ विषाणू आकाराने चांगला मोठा, जीनोम साडेसोळा हजार अक्षरांच्या घरात. मोठा विषाणू जोडायला आणि जपायला कठीण, पण एकदा जमला की मोठा तुकडा पेलतो आणि तो लवकर टाकून देत नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात या विषाणूने चमकणारं हिरवं प्रथिन वेलीच्या अन्नवाहिन्यांत बनवून दाखवलं आणि हरितद्रव्याशी संबंधित जनुकंही गप्प केली.

याशिवाय फॅनलीफ, अल्जेरियन लेटंट, रुपेस्ट्रिस स्टेम पिटिंग अशा इतर द्राक्षविषाणूंवरही वेगवेगळ्या देशांत काम झालं आहे. यातला फॅनलीफ विंगार्डच्या रिंगस्पॉटच्याच गोतावळ्यातला आहे.

लीफरोल म्हणजे आमच्या बागेतला रोगच ना? तोच वेलीत घालायचा?

रास्त शंका आहे. लीफरोल हे एकाच रोगाचं नाव असलं तरी तो घडवणारे विषाणू अनेक आहेत. बागेत सगळ्यात त्रास देतो तो प्रामुख्याने लीफरोल-३, जो पिठ्या ढेकणातून पसरतो. काळ्या-लाल वाणांत पानं लालसर होऊन शिरा हिरव्या राहतात, कडा खाली वळतात, मण्यात साखर उशिरा भरते. नाशिक भागातल्या बागांतूनही लीफरोल गटातल्या विषाणूंची शास्त्रीय नोंद झालेली आहे, त्यामुळे हा विषय आपल्यापासून दूरचा नाही.

प्रयोगासाठी निवडलेला लीफरोल-२ त्याच कुळातल्या वेगळ्या गटातला. तो पसरवणारा कोणताही कीटक आजवर आढळलेला नाही. तो कलमातून जातो. त्याच्या काही उपप्रकारांत वेलीवर लक्षणं जवळजवळ दिसत नाहीत, आणि प्रयोगासाठी हेच हवं असतं. पण त्याचा रेड ग्लोबशी नाव जोडलेला एक उपप्रकार काही खुंटांवर कलमच नाकारायला लावतो. म्हणजे एकाच विषाणूचे दोन उपप्रकार, एक सोसवणारा आणि एक कलम मारणारा. कोणता घेतला हे न सांगता "लीफरोल वापरला" म्हणणं अर्धवट आहे.

प्रत्येक प्रयोगात पान पांढरंच का करतात?

ते पद्धत चालते की नाही याचं तपासणीचं जनुक आहे. पीडीएस म्हणजे फायटोईन डिसॅच्युरेज. कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं बनवायच्या साखळीतलं हे सुरुवातीचं विकर. कॅरोटिनॉइड नसतील तर उन्हात हरितद्रव्य जळून जातं आणि पान पांढरं पडतं. यंत्र नको, रसायन नको, लांबून डोळ्यांना दिसतं. हे जमलं की मग ज्यांचा परिणाम डोळ्यांना दिसत नाही, अशा जनुकांकडे वळायचं.

मी पहिल्यांदा हे बेन्थामियानावर बघितलं तेव्हा सकाळी ट्रेचं झाकण काढलं आणि शेंड्याची कोवळी पानं दुधात बुडवून काढल्यासारखी दिसली. खालची जुनी पानं मात्र तशीच हिरवीगार. सगळ्यात लक्षात राहिलं ते मधलं एक पान. त्यात पांढरेपणा मधल्या शिरेपासून निघून उपशिरांच्या कडेकडेने पसरत होता आणि दोन शिरांच्या मधली जागा अजून हिरवी होती. संदेश कोणत्या वाटेने आला, हे त्या पानाने रेखाटून दाखवलं होतं.

विषाणू वेलीत घालतात कसा?

विषाणूचा जीनोम आधी डीएनएच्या रूपात एका प्लाझमिडवर, म्हणजे डीएनएच्या छोट्या वर्तुळावर, बसवतात. ते प्लाझमिड अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या मातीतल्या जिवाणूत घालतात, कारण डीएनएचा तुकडा वनस्पतीच्या पेशीत पोहोचवण्याची कला निसर्गतः या जिवाणूकडे आहे. पेशीत गेल्यावर त्या डीएनएवरून विषाणूचं आरएनए निघतं आणि पुढचा प्रवास विषाणू स्वतः करतो.

बेन्थामियानात हे सोपं असतं. सुई नसलेली सिरिंज पानाच्या पाठीला टेकवायची, वरच्या बाजूने बोटाचा आधार द्यायचा आणि हलकेच दाबायचं. द्रव पर्णरंध्रांतून आत शिरतो आणि गर्द हिरवा ओलसर डाग पानभर पसरत जातो. हेच द्राक्षाच्या पानावर करून बघा. पान चिवट, वरून मेणचट, आणि आतून शिरांनी छोट्या छोट्या बंद कप्प्यांत विभागलेलं. डाग एका कप्प्यापुरता होतो आणि शिरेला येऊन थांबतो. जोर लावला तर पान फाटतं. म्हणून द्राक्षात मुळांवाटे लागण किंवा टिश्यू कल्चरची कोवळी रोपं द्रावणात बुडवून निर्वात पंपाने हवा ओढून घेणं, असे मार्ग वापरतात. पंप बंद करून हवा परत सोडली की द्रव आपोआप पानात ओढला जातो. आणखी एक मार्ग म्हणजे आधी बेन्थामियानात विषाणू वाढवायचा आणि मग तो द्राक्षाकडे न्यायचा.

बेन्थामियाना इतकी सोशिक का, हेही सांगून टाकतो. ही मूळची ऑस्ट्रेलियाची वनस्पती. विषाणूंना अडवणाऱ्या आरडीआर-१ या तिच्या जनुकात एक जादा तुकडा घुसून ते मोडलेलं आहे, म्हणून तिच्यात कितीतरी विषाणू सुखाने वाढतात. पण यामुळेच बेन्थामियानात जमलेलं द्राक्षात जमेलच, असं धरून चालता येत नाही.

परिणाम किती दिवसांत दिसतो आणि किती टिकतो?

बेन्थामियानात साधारण दोन आठवड्यांत. द्राक्षात त्याहून जास्त, आठवड्यांपासून महिन्यांपर्यंत, कारण विषाणूला चिवट, लाकडाळ वेलीतून प्रवास करायचा असतो. टिकण्याच्या बाबतीत मात्र बहुवर्षायू वेलीचा फायदा होतो. लीफरोल-२ वर बांधलेला वाहक, म्हणजे जनुकाचा तुकडा वाहून नेणारा विषाणू, वेलीत दीर्घकाळ टिकून राहतो, हे त्याचं मोठं बलस्थान मानलं जातं. त्याचाच नातेवाईक असलेला लिंबूवर्गातला ट्रिस्टेझा विषाणूही वाहक म्हणून झाडात वर्षानुवर्षं टिकल्याचा अनुभव अमेरिकेतल्या फ्लोरिडात आहे.

तापमानाकडे लक्ष ठेवावं लागतं. थंडीत वनस्पतीची ही कापाकापीची यंत्रणा मंदावते. त्यामुळे एकाच वाहकाचे थंडीतले आणि उन्हाळ्यातले निकाल शेजारी ठेवून तुलना करू नये.

या पद्धतीत चुका कुठे होतात?

बऱ्याच ठिकाणी, आणि नव्या विद्यार्थ्याने हा भाग दोनदा वाचावा.

पहिली चूक, रिकामा वाहक न ठेवणं. विषाणू घातल्यावर वेलीत जे बदल दिसतात, ते जनुक गप्प झाल्याने झाले की नुसत्या विषाणूच्या लागणीने? हे कळायला काही वेलींत वेलीचा तुकडा नसलेला विषाणू घालावाच लागतो. त्याहून चांगलं म्हणजे वेलीशी काही संबंध नसलेल्या जनुकाचा, उदाहरणार्थ हिरव्या चमकत्या प्रथिनाचा, तेवढ्याच लांबीचा तुकडा घालणं.

दुसरी चूक, डोळ्यांवर भरवसा ठेवून आरएनए न मोजणं. जनुक किती गप्प झालं, हे त्याच पानाच्या नमुन्यातून मोजावं. गप्प होणं ठिपक्याठिपक्यांनी होतं, त्यामुळे एकाच वेलीच्या दोन पानांत मोठा फरक असू शकतो. लीफरोल-२ अन्नवाहिन्यांतच राहतो, म्हणून परिणाम शिरांभोवती दाट आणि दूरवर विरळ. सगळं पान एकत्र कुटून सरासरी काढली तर खरा परिणाम झाकला जातो.

तिसरी, तुकडा निवडताना नात्यातली जनुकं न बघणं. कापणारी यंत्रणा २१ अक्षरांवर चालते. तेवढं साम्य दुसऱ्या जनुकात असेल तर तेही कापलं जाईल. द्राक्षात रेस्व्हेरॅट्रॉलसारखी संरक्षक द्रव्यं बनवायला मदत करणारी स्टिल्बीन सिंथेज जनुकं चाळीसच्या वर आहेत आणि एकमेकांसारखी आहेत. त्यातलं एकच गप्प करायचं असेल तर तुकडा फार जपून निवडावा लागतो. उलट सगळं कुटुंब एकदम गप्प करायचं असेल तर हेच साम्य उपयोगी पडतं, आणि तिथे व्हिग्जसारखं साधन दुसरं नाही.

चौथी, विषाणू तुकडा टाकून देतो हे विसरणं. परका तुकडा वाहणं विषाणूला ओझंच असतं. काही काळाने तुकडा गळालेले विषाणू पुढे निघून जातात. म्हणून लांबच्या पानांतल्या विषाणूत तुकडा अजून आहे का, हे पीसीआरने तपासत राहावं लागतं.

आणि पाचवी, जिने माझं एक अख्खं सत्र खाल्लं. रोपं आधीच विषाणूबाधित असणं. आम्ही एका रोपवाटिकेतून रोपं आणली होती. दिसायला निरोगी, पानं टवटवीत. तीन महिन्यांनी रिकाम्या गटातल्याच वेली वेड्यावाकड्या वागायला लागल्या. तपासलं तर तिथे आधीपासून दुसरा विषाणू मुक्कामाला होता. त्याचा आणि आमच्या वाहकाचा परिणाम वेगळा काढणं अशक्य झालं आणि सगळे ट्रे टाकून द्यावे लागले. तेव्हापासून पहिली तपासणी रोपांची, मग बाकी सगळं, असा आमच्याकडे नियम आहे. द्राक्षवेलीत एकाच वेळी अनेक विषाणू शांतपणे राहतात, हे या कामातलं सगळ्यात चिकट वास्तव आहे.

भुरी-केवड्यावर याचा उपयोग होईल का?

औषध म्हणून आज नाही. शोध घेण्यासाठी हो. भुरीचं उदाहरण घ्या. काही जनुकं अशी असतात की बुरशीला वेलीत शिरायला त्यांचीच मदत होते. बार्लीत अशा एमएलओ जनुकाचा अभ्यास फार जुना आहे. द्राक्षात इटलीतल्या शास्त्रज्ञांनी एमएलओ कुटुंबातली काही जनुकं आरएनएच्याच मार्गाने दाबली, तेव्हा भुरीची तीव्रता ७७ टक्क्यांपर्यंत कमी झाली. त्या कामात जनुकीय बदल केलेल्या वेली वापरल्या होत्या, आणि त्या घडवण्यात किती काळ गेला असेल याची कल्पना करा. अशा संशयित जनुकांची पहिली चाळणी व्हिग्जने केली, तर पुढचा लांबचा रस्ता मोजक्याच जनुकांसाठी चालावा लागेल. व्हिग्जचं खरं मोल मला इथे दिसतं.

क्रिस्परपेक्षा हे वेगळं कसं?

क्रिस्पर या जनुकसंपादनाच्या तंत्राने डीएनएतच कायमचा बदल होतो. व्हिग्जने आरएनए कापलं जातं आणि परिणाम विषाणूपुरता राहतो. ज्या जनुकाशिवाय रोप जगूच शकत नाही, ते क्रिस्परने तोडलं तर अभ्यासाला रोपच उरत नाही. व्हिग्जमध्ये वाढलेल्या वेलीत ते थोडं दाबून बघता येतं. म्हणून एकाने दुसऱ्याची जागा घेतलेली नाही. इतर पिकांत तर विषाणूवरूनच क्रिस्परची मार्गदर्शक साखळी नेण्याचं कामही चालू आहे.

आरएनएची फवारणी म्हणतात ती हीच का?

नाही, पण नातं जवळचं आहे. फवारणीत विषाणू नसतो. बाहेर तयार केलेलं दुपदरी आरएनए थेट पानावर मारतात आणि ते बुरशीच्या किंवा किडीच्या पेशीत जाऊन तिचंच जनुक गप्प करतं. अमेरिकेत बटाट्यावरच्या कोलोरॅडो भुंगेऱ्यासाठी अशा फवारणीला २०२३ च्या डिसेंबरमध्ये मान्यता मिळाली. द्राक्षात करड्या बुरशीवर असे प्रयोग प्रसिद्ध झाले आहेत. फवारलेलं आरएनए उन्हापावसात लवकर विघटित होतं. विषाणू मात्र वेलीच्या आत स्वतःच्या प्रती काढत राहतो.

अशा वेलीची द्राक्षं खाल्ली तर विषाणू माणसाला लागेल का?

वनस्पतींचे विषाणू माणसाला लागण करत नाहीत. आपण रोजच ते पोटात घेतो. मिरचीवरचा एक विषाणू तर निरोगी माणसांच्या विष्ठेतही मुबलक सापडतो, आणि तो येतो तो मिरचीच्या पदार्थांतून. तरीही प्रयोगातली द्राक्षं खाण्यासाठी बाहेर जात नाहीत. तो नियमाचा भाग आहे.

प्रयोगातला विषाणू बागेत पसरला तर?

हा प्रश्न मी कधीही हलक्यात घेत नाही. जीव्हीए पिठ्या ढेकणातून आणि खवले किडीतून पसरतो. आपल्या बागांत पिठ्या ढेकूण किती आहे, हे छाटणीनंतर साल काढून बघणाऱ्याला वेगळं सांगायला नको. म्हणून जीव्हीएवर आधारलेलं काम कीटक आत येणार नाहीत अशा बंदिस्त जागेतच व्हायला हवं. कीटकवाहक नसलेला लीफरोल-२ या बाबतीत जास्त सोयीचा, पण कलमाची काडी हातोहात फिरते हा धोका त्यालाही आहे. प्रयोग संपल्यावर वेल, माती, कुंडीतलं पाणी सगळं निर्जंतुक करूनच टाकायचं असतं.

भारतात जनुकीय बदल केलेले सूक्ष्मजीव, त्यात विषाणूही आले, पर्यावरण (संरक्षण) कायदा १९८६ खालच्या १९८९ च्या नियमांत येतात. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीपासून वरच्या समित्यांपर्यंत परवानग्या लागतात. २०२२ मध्ये जनुकसंपादनाच्या काही प्रकारांना या नियमांतून सूट मिळाली. ती परक्या जनुकाचा अंश शेवटच्या रोपात नसलेल्या वाणांसाठी आहे. व्हिग्जचा विषाणू त्या सवलतीत बसवायचा प्रयत्न कुणी करू नये.

मी द्राक्ष बागायतदार आहे. मला याचं काय?

आज विकत घेण्यासारखं काही नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. "विषाणूने रोगप्रतिकार वाढवणारं द्रावण" असं काही कुणी दाखवायला आणलं, तर औषधाला लावता तीच कसोटी लावा : लेबल क्लेम कुठे आहे?

पण या अभ्यासातून आत्ता हाती येणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे विषाणूमुक्त लागवड साहित्य. व्हिग्जचं काम करणाऱ्यांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बघितली आहे : दिसायला निरोगी वेल निरोगी असेलच असं नाही. डॉगरिजची खुंटकाडी असो की शेजारच्या बागेतून आणलेली डोळ्याची काडी, लक्षण न दाखवणारा विषाणू कलमाबरोबर नव्या बागेत जातो आणि मग पंधरा वर्षं तिथेच राहतो. विषाणू ओळखण्याच्या एलायझा आणि आरटी-पीसीआर या चाचण्या उपलब्ध आहेत. नवी बाग लावताना ज्या मातृवेलींवरून काडी घेणार, निदान त्या वेलींची तपासणी करून घ्या. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. नमुना कधी आणि वेलीच्या कोणत्या भागाचा घ्यायचा, हे आधी विचारून घ्या, कारण लीफरोल गटातले विषाणू अन्नवाहिन्यांत राहतात आणि कोवळ्या शेंड्यापेक्षा जुन्या पानांच्या देठांत किंवा पक्व काडीच्या सालीत ते जास्त भरवशाने सापडतात.

विद्यार्थी आहे, सुरुवात कुठून करू?

बेन्थामियाना आणि पीडीएसपासून. रोपं चार-पाच पानांवर असताना लागण करायची, तीन गट ठेवायचे : काहीच न घातलेला, रिकाम्या वाहकाचा आणि पीडीएसचा. रोज एकाच वेळी, एकाच उंचीवरून फोटो काढायचा. पांढरेपणा दिसला की लगेच आनंदून न जाता पांढऱ्या आणि हिरव्या भागाचे नमुने वेगवेगळे घ्यायचे आणि दोन्हींत पीडीएसचं आरएनए मोजायचं. हे तीनदा सारखं आलं की मग द्राक्षाच्या टिश्यू कल्चर रोपांकडे वळा. त्यातलीही पहिली काही रोपं लागणीसाठी वापरू नका. ती कुटून आधी विषाणू तपासा.